बरणीवरच्या चार खुणा

रविवारी सकाळी अकराला थोरल्याने सगळ्यांना कारखान्यात बोलावलं, तेव्हाच त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोने, धाकटीने, ओळखलं की आज कोणाची तरी धडगत नाही. एरवी थोरला भांडायचा तो घरात, चहा पिता पिता, पायावर पाय टाकून. कारखान्यात त्याने सगळ्यांना दोनदाच गोळा केलं होतं. एकदा सासरे गेले तेव्हा, आणि एकदा धाकट्याला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा.

कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक पत्र्याची शेड. जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करून द्यायचं, तीन पिढ्या हाच धंदा. मधोमध एका गिऱ्हाइकाचं आठ माणसांचं जेवणाचं टेबल होतं, आणि थोरल्याने नुकताच त्यावर पॉलिशचा हात मारला होता. ओलं पॉलिश म्हणजे झोपलेलं तान्हं पोर, असं सासरे सांगायचे, त्याच्याजवळ शिंकायचं पण नाही. त्यामुळे सगळे टेबलाभोवती खुर्च्या टाकून बसले खरे, पण हात मांडीवर घेऊन. पंगत बसलीय आणि वाढायला कोणी येतच नाही, अशी दिसत होती सगळी.

टेबलाच्या टोकाला स्टुलावर स्पिरिटची बरणी होती. काचेची, पोटाएवढी मोठी, लाकडी बुचाची.

"बघा," थोरला म्हणाला. "दोन बोटं कमी आहे."

बघायची गरज नव्हती. बघून झालं होतं सगळ्यांचं.

चपडी, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटात विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरवत बसायचं, म्हणजे पॉलिश. स्पिरिट नाही तर धंदा नाही. आणि नेमकं या घरातल्या धाकट्याला दारूने धरलं. बारा वर्षं धरलं. हात असा की त्याने बोळा फिरवला की लाकडात तोंड दिसावं, आणि पाय असे की संध्याकाळी स्वतःचं दार सापडू नये. ते आता सुटलं होतं. दोनशे अकरा दिवस झाले होते सुटून. पण दारू सुटली तशी तिसऱ्या महिन्यात त्याच्या डोक्यातली काहीतरी दोरीच सुटली. उठेना, बोलेना, दाढी करेना. मग पंचवीस दिवस मनाच्या दवाखान्यात. आता दुपारी एक गोळी, झोपताना दोन. कारखान्यात यायचा तो फक्त पॉलिश पेपरने लाकूड घासायला. कोरडं काम. बरणीला हात लावायचा नाही.

बरणी कुलपात ठेवायची असं थोरल्याचं म्हणणं होतं. धाकट्यानेच नाही म्हटलं. "कुलूप लावलंत की मी दिवसभर किल्लीचाच विचार करत बसेन. असू दे तिथंच. मला माहीत पाहिजे की ती तिथं आहे आणि मी इथं आहे."

तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. काय छान बोलला, म्हणून सासूबाईंनी पदराने डोळे पण टिपले होते.

"बुधवारपासून मी बाहेर," थोरला एक एक बोट दुमडत म्हणाला. "कपाट बसवायला. ही माझ्याबरोबर, हिच्या बहिणीकडे. आईचे गुडघे धरलेले, ती खाली उतरलीच नाही. मग तीन दिवस इथं कोण होतं? मला नाव घ्यायला लावू नका."

"घ्या की," जाऊबाई म्हणाल्या. "एकच तर उरलंय."

"तू मधे बोलू नकोस," सासूबाई कडाडल्या. "माझं पोर आहे ते. बोलायचं असेल तर हिला बोला." त्यांनी धाकटीकडे हनुवटी केली. "नवरा कोणाचा? लक्ष कोणी ठेवायचं? माझे गुडघे धरले म्हणून हिचे डोळे पण धरले होते का?"

धाकटीच्या जिभेवर उत्तर होतं आणि ती ते दाताखाली धरून बसली होती.

कारण स्पिरिट कुठं गेलं ते तिला माहीत होतं. तिला एकटीला.

बुधवारी दुपारी ती गुपचूप खाली आली होती. तशी ती तीन-चार दिवसांनी एकदा यायची. बरणीच्या मागच्या अंगाला तिने पॉलिश पेपरने नखाएवढा ओरखडा काढून ठेवला होता, स्पिरिट कुठवर आहे त्याची खूण. नुसती खूण बघून तिचं समाधान व्हायचं नाही. पिऊन पाणी भरून ठेवलं असेल तर? म्हणून बूच काढायची, बोट बुडवायची, हुंगायची, फुंकर मारून वाळतंय का बघायची. त्या दिवशी बोट बुडवलं आणि घरातून सासूबाईंची हाक आली. तिने बूच तसंच टेकवलं आणि पळाली. तिरकं, अर्धं आत. मग तीन दिवस पत्र्यावर ऊन, खिडक्या बंद, आत भट्टी.

आज सकाळी सात वाजता ती आली आणि तिला दोन बोटं कमी दिसली.

आता खरी गोष्ट इथं आहे. दुसरी कोणी असती तर तिच्या पायाखालची जमीन सरकली असती. धाकटीला गार वाटलं. उन्हातून आल्यावर तोंडावर पाणी मारल्यावर वाटतं तसं. प्यायला! प्यायला शेवटी! म्हणजे त्याला सुधारायला निघालेली ती गाडीवाली हरली.

मग बुचाकडे लक्ष गेलं. तिरकं बूच. बुधवार आठवला. आणि ते गारगार जे वाटलं होतं ते निघून गेलं तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं. तिने अंगठ्याने बूच घट्ट दाबून बसवलं आणि वर जाऊन चहा टाकला.

"तू काही बोलणार आहेस का?" थोरल्याने धाकट्याला विचारलं.

धाकटा आपल्या हातांकडे बघत होता. नखांत लाकडाची भुकटी. "आठवत नाही," तो म्हणाला.

"काय आठवत नाही?"

"गुरुवारी दुपारी गोळी घेऊन इथं बाकावर आडवा झालो. उठलो तेव्हा पाच वाजले होते. मधलं काही आठवत नाही."

"म्हणजे प्यायलास?"

"असेन."

"असेन म्हणजे काय रे?"

"पूर्वी तरी मला कधी आठवायचं, दादा? तुम्हीच सांगायचात ना सकाळी, काय काय केलं ते." त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही, काही नाही. पुसून घेतलेली पाटी. "तुम्ही सगळे म्हणताय तर प्यायलोच असेन."

गंमत बघा, तो कबूल झाल्याबरोबर सगळ्यांचे खांदे खाली आले. थोरल्याने सुस्कारा सोडला. सासूबाईंनी रडायला सुरुवात केली, पण आरामात, लांबवर जायचंय अशी. कोणाला काही विचारायचंच उरलं नाही. धाकटी मात्र मनात स्वतःला ढोसत होती. सांग. आत्ता सांग. एक वाक्य आहे.

तेवढ्यात धाकटा तिला म्हणाला, "ताईंना फोन लाव."

झालं. वाक्य परत घशात.

ताई! व्यसन सोडणाऱ्यांच्या मंडळात प्रत्येकाला एक जुना सोबती देतात, ज्याला कधीही फोन करता येतो. याला मिळाली ती ही. गाडी शिकवायची शाळा होती तिची. चाळिशीची, रुंद खांद्यांची, हसली की समोरच्या दुकानातलं माणूस वळून बघेल असं हसणारी. स्वतः नऊ वर्षांपूर्वी सुटलेली. दिसायला काही नाही. दिसायला काही असतं तर धाकटीला सोपं गेलं असतं, तिने सरळ संशय घेतला असता आणि भांडून मोकळी झाली असती. पण तसलं काही नव्हतंच. तो तिच्या गाडीत बसून नुसता बोलायचा. दीड दीड तास.

पंधरा वर्षं धाकटी नवऱ्याला अहो म्हणत आली, आणि ही बाई पहिल्या दिवसापासून अरे. "अरे, जेवलास का? अरे, तोंड काय पाडलंयस?" आणि तो हसायचा! धाकटीने ओकारी पुसली, बूट काढले, गिऱ्हाइकांना थापा मारल्या, त्याच्या खिशातल्या बाटल्या नाल्यात ओतल्या, आणि तिच्या वाट्याला काय? "थँक्यू." पाहुण्यांना म्हणतात तसं. सुटल्यापासून तो घरात इतका नीट वागायचा की तिला वाटायचं आपण खानावळ चालवतोय.

पण ते पण तिने गिळलं असतं. एक गिळता येत नव्हतं. दवाखान्यात नेलं त्या दिवशी, चौकातल्या सिग्नलला, तो गाडीवालीला म्हणाला की मला जगायचा कंटाळा आलाय. बाईने त्याला विचारलं नाही की समजावलं नाही. दिवा हिरवा झाला तशी गाडी सरळ दवाखान्याच्या दारात. वाचवला त्याला. सगळे म्हणतात, धाकटी पण म्हणते, वाचवला. पण ते वाक्य त्याने बायकोला नाही सांगितलं. आदल्या रात्री तो तिच्या शेजारीच झोपला होता, हातभर अंतरावर. आणि बोलला कोणाजवळ, तर गाडीवालीजवळ.

तिने फोन लावला. तिच्याकडे नंबर "गाडीवाली" म्हणूनच होता.

"दहा मिनिटांत येते," पलीकडून आवाज आला. "तोवर त्याला एकटं सोडू नकोस हं."

सोडू नकोस! धाकटीला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मी सोडीन? मी?

"येतेय," तिने घरच्यांना सांगितलं.

"येतेय का मास्तरीण?" जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. "मला एक कळत नाही, घरात चार माणसं असताना बाहेरची बाई कशाला? तिच्या गाडीत म्हणे तिच्या पायाशी पण ब्रेक असतो. शिकणाऱ्याच्या हातात चाक, आणि थांबवणार ही."

"म्हणून तर अपघात होत नाहीत," धाकटा हळूच म्हणाला.

ते धाकटीला जाऊबाईंपेक्षा जास्त लागलं.

दहा मिनिटांत घराने धाकट्याचं पुढचं आयुष्य ठरवून टाकलं. थोरला म्हणाला, कारखान्यात पाय ठेवायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, मामाकडे पाठवू, तिकडे शांत आहे. जाऊबाई म्हणाल्या, मामाकडे शांत आहे म्हणूनच मामा पितो. "तुझ्या तोंडाला काही हाड?" सासूबाई ओरडल्या. "खोटं आहे का आई? विचारा यांना." थोरल्याने मला विचारू नका अशी मान हलवली. मग सासूबाई एकदम जाऊबाईंना सोडून परत धाकटीवर आल्या. "हिच्याच्याने झालं नाही. सात महिने सांभाळायचं, एवढं पण झालं नाही हिच्याच्याने." तर जाऊबाई उलटल्या. "आई, तिला काही बोलू नका. बारा वर्षं तिने काढलीत, तुम्ही बारा दिवस काढून दाखवा." धाकटीने जावेकडे बघितलं. या बाईने कधी आपली बाजू घेतली नव्हती. आजच घ्यायची होती हिला! जीव लाजेने एवढा एवढा झाला.

फाटक वाजलं. गाडीवाली आत आली ती चपला न काढता. सगळ्यांना ओलांडून सरळ धाकट्यासमोर उभी राहिली.

"काय झालं रे?"

"प्यायलो असेन बहुतेक. स्पिरिट."

धाकटी डोळ्यांची पापणी न लववता तिच्या तोंडाकडे बघत होती. सकाळपासून ती याच क्षणासाठी गप्प बसली होती, दुसरं कशासाठी? आता हिचं तोंड उतरेल. आता हिला कळेल की दीड दीड तास गप्पा मारून माणूस सुधारत नसतो.

तोंड उतरलं नाही.

"कधी? किती?"

"गुरुवारी. दोन बोटं. नक्की आठवत नाही."

"दिसतंय नीट? डोकं दुखतंय? पोटात?" तिने त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. मग बाकीच्यांकडे वळली. "हे पॉलिशचं स्पिरिट आहे. विष असतं ते, डोळे जातात माणसाचे, जीव जातो. तुम्हाला कधी कळलं?"

"दहाला," थोरला म्हणाला.

"आणि तुम्ही मीटिंग घेताय?"

थोरल्याने टेबलाकडे बघितलं, सासूबाईंनी गुडघ्याकडे. खरंच की. एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पोर विष प्यायलंय असं सगळे म्हणत होते, आणि त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून त्याची कुठं सोय लावायची ते ठरवत होते.

"चल, ऊठ," गाडीवाली म्हणाली. "आधी तपासून घेऊ."

तो उठला. बोट धरलेल्या मुलासारखा उठला. मग थांबला. "आणि दिवस?"

"दिवस परत एकपासून. त्यात काय? मी तीनदा मोजलेत. मोजू आपण."

मोजू आपण.

"दोनशे अकरा झाले होते," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही. आणि चप्पल शोधायला लागला. त्याची चप्पल समोरच होती, पण त्याला दिसत नव्हती, डोळे भरले होते म्हणून.

धाकटी उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"ते प्यायले नाहीत," ती म्हणाली. "बूच मी उघडं टाकलं."

"कसलं बूच?" सासूबाई म्हणाल्या.

"बरणीचं. बुधवारी. मी बघायला आले होते, तुमची हाक आली, मी तसंच टेकवून पळाले. आज सकाळी दाबून बसवलं. स्पिरिट उडालंय. कोणी प्यायलं नाही."

"बघायला म्हणजे?" थोरल्याचा आवाज बारीक झाला.

तिने बरणी फिरवली आणि मागचा ओरखडा दाखवला. "ही माझी खूण."

थोरला वाकला. बघितलं. आणि वाकलेला तसाच राहिला, कारण ओरखड्याशेजारी एक लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. धाकटीला इतके दिवस आपल्या ओरखड्यापलीकडे काही दिसलंच नव्हतं.

"हे काय आहे?" त्याने बायकोच्या नखांकडे बघत विचारलं.

"मला काय विचारता?" जाऊबाई उसळल्या. "खाली ती चिकटपट्टी कोणाची आहे? या घरात तेवढी सरळ पट्टी एकच माणूस लावतो!"

"अगं, ती मी—"

"आणि हा दोरा?" धाकटी म्हणाली. बरणीच्या कमरेला पांढरा दोरा होता, बारीक गाठ मारलेला, शिवणाच्या डब्यातला.

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

"आई आहे मी," सासूबाई म्हणाल्या. "मला जीव नाही?"

आणि बरणी तर सगळ्यांनीच उघडली होती. जो तो येऊन बोट बुडवून हुंगून गेला होता. चौघांनी कुलूप नको म्हणून मान डोलावली होती, आणि चौघंही पहारा देत होते, एकमेकांना चुकवून. तीन पिढ्या पॉलिशवाल्यांच्या. कारखान्यात पाय टाकणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, बूच घट्ट लाव, नाहीतर उडून जाईल. तेवढंच एक कोणाला सुचलं नाही. सुचणार कसं, उत्तर आधीच ठरलं होतं ना.

गाडीवालीने एक एक खूण नीट बघितली. तिने काहीतरी बोलायला पाहिजे होतं, म्हणजे धाकटीला तिच्यावर ओरडता आलं असतं.

"तुला कधी कळलं?" धाकट्याने विचारलं.

तो बायकोला विचारत होता.

"सात वाजता."

"आता बारा वाजलेत."

"हो."

"मी तुझ्यासमोर म्हणालो, असेन. तू ऐकलंस."

"हो."

"मग?"

तिने आजूबाजूला बघितलं. सासू, जाऊ, दीर, आणि ती गाडीवाली. कोणी बाहेर जाईल असं वाटत नव्हतं. बरं, बसा. ऐका सगळे.

"मला वाटलं तुम्ही प्यायलात," ती म्हणाली. "आणि मला बरं वाटलं."

"अगं!" सासूबाई.

"वाटलं, आता ही हरली. आता परत तुम्हाला मीच लागेन. पीत होतात तेव्हा तुम्ही माझे होतात. घाणेरडे होतात, पण माझे होतात. आता चांगले झालात, तर माझ्या वाट्याला काय येतं त्यातलं? तुमचं सगळं चांगलं तिच्या गाडीत जातं. घरी येतं ते थँक्यू." तिचा आवाज फाटला. "सिग्नलला तुम्ही जे बोललात ते मला दवाखान्याच्या कागदावर वाचायला मिळालं. कागदावर!"



"मला माहीत होतं," धाकटा म्हणाला.

"काय?"

"तुला बरं वाटतं ते. मी पडलेला असायचो आणि तू फरशी पुसायचीस. पुसताना गुणगुणायचीस. मला ऐकू यायचं. माणूस कितीही प्यायला, स्वतः केलेलं विसरला, तरी ऐकलेलं राहतं त्याच्याजवळ. गेल्या सात महिन्यांत तू एकदा गुणगुणली नाहीस." त्याचा आवाज वर चढायला लागला. "मी दिवस मोजतोय आणि तू तोंड लांब करून चहा देतेस! मला वाटायचं मी चुकतोय. काहीतरी माझंच अजून चुकतंय! आणि आज पाच तास, पाच तास तू मला—"

त्याने तळहात टेबलावर आपटला. ओल्या पॉलिशवर. सपकन.

"अरे, टेबल!" थोरला किंचाळला.

"खड्ड्यात गेलं टेबल!"

एवढा आवाज त्याचा कोणी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. पिऊन ओरडायचा तेव्हा पण नाही, तेव्हा तो नुसता बरळायचा. हा शुद्धीतला आवाज होता. सासूबाई घाबरून उठल्या. "गोळी आणा कोणीतरी. डोक्यात गेलंय परत."

"काही गेलं नाही," गाडीवाली म्हणाली. "चिडलाय. चिडायचंच आहे ते. चला तुम्ही, मला चहा पाजा." तिने सासूबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. दारात थांबून धाकट्याला म्हणाली, "अरे, येतोस की थांबतोस?"

तो तिच्याकडे बघत होता. धाकटीला वाटलं, झालं. आता तो हिच्याबरोबर जाणार. जावं त्याने. कोण थांबेल अशा बायकोजवळ?

"तुम्ही व्हा पुढे, ताई," तो म्हणाला. "मला हिच्याशी भांडायचंय."

"भांड. पण आडवं बोलू नकोस, आणि दुपारची गोळी चुकवू नकोस." मग धाकटीकडे वळून, "मी ओट्यावर आहे."

"बसा," धाकटी म्हणाली. रागानेच म्हणाली. त्या बाईवरचा राग काही एका सकाळीत जाणारा नव्हता, आणि तिने तो जातोय असं दाखवलं पण नाही.

थोरला टेबलावरचा पंजा बघत हळहळत राहिला होता. जाऊबाईंनी त्याला बाहीला धरून ओढत नेलं. "चला. त्यांच्या संसारापेक्षा गिऱ्हाइकाचं टेबल मोठं नाही." दार लागलं.

तो उभा. ती उभी. त्याच्या हाताला पॉलिश चिकटलं होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"सिग्नलला बोललो ते तुला का नाही सांगितलं, ऐकायचंय?"

"हो."

"ऐकवेल?"

"नाही माहीत. सांगा."

"रात्री सांगणार होतो. तू जागी होतीस, मला कळत होतं. तोंडापर्यंत आलं होतं." तो थांबला. "मला भीती वाटली की मी हे सांगेन, आणि सकाळी तू परत गुणगुणायला लागशील."

तिच्या तोंडाशी आलं, छे, काहीतरीच काय. पण ते खोटं झालं असतं. तिने स्वतःला विचारून बघितलं, खरंच लागली असती का? आणि तिला उत्तर आलं नाही. ती तिथेच बसली. जी खुर्ची हाताशी आली तिच्यावर.

"अजून सांगा," ती म्हणाली.

"वाईट आहे अजून."

"असू दे. मला सांगा. सगळं मला सांगा."

तो तिच्यावर ओरडायला लागला. लग्नापासून सुरुवात केली त्याने.